शाखेची पाटी आणि शाखेची माणसे

ऑगस्ट २०१९ मधल्या एका शुक्रवारची गोष्ट. कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली होती. इथे दोह्यात बाहेर अंगाची लाही करणारे ऊन, आणि आम्ही पंधरा-वीस मराठी मंडळी एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात एसी लावून मोबाइलवर कृष्णेचा पूर बघत बसलो होतो. आमच्यातल्या दोघांची घरे खरोखरच पाण्यात होती. एकाचे आईवडील शेजाऱ्यांच्या माडीवर दोन दिवस अडकले होते आणि त्याचा फोन लागत नव्हता. चहा झाला, आणि अशा बैठकीत जो प्रश्न निघायचाच तो निघाला. "किती पाठवायचे?" लगेच आकडे सुरू झाले. कुणी हजार रियाल म्हणाले, कुणी पाचशे. मी सवयीने विचारले, "पाठवायचे कुणाला?"

मी इथल्या एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी आहे. आमच्या धंद्यात 'काय करायचे' याच्या आधी 'कोण करणार' असे विचारायची खोड लागते. प्रश्न साधा होता, पण बैठक गप्प झाली. मग एकेक उत्तर येऊ लागले. एक जण म्हणाले मुख्यमंत्री निधीला, एक जण म्हणाले रेड क्रॉसला, आणि एकाने सांगितले, "माझ्या मेव्हण्याला. तो तिथे ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधून माणसे काढतोय." सगळे हसले. मला मात्र ते उत्तर सर्वांत विचार करण्याजोगे वाटले. मेव्हणा तिथे होता, त्याला गल्ली माहीत होती, कुठल्या घरात म्हातारे माणूस आहे हे ठाऊक होते. त्याच्याकडे नव्हते ते दोरखंड, लाइफ जॅकेट आणि बोटीत किती माणसे घ्यायची याचे ज्ञान. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली गावातलीच बोट उलटली आणि वाचायला निघालेली माणसे बुडाली. ती बोट चालवणारेही कुणाचे तरी मेव्हणेच होते.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला आहे. मदत करणाऱ्या मोठ्या संस्थांच्या भाषेत याला 'स्थानिक शाखांची क्षमता वाढवणे' म्हणतात. शब्द रुक्ष आहेत. सरकारी परिपत्रकात शोभतील असे. पण त्यांच्या पोटात काय आहे ते आपल्यासारख्या परदेशात राहून गावाकडे पैसे पाठवणाऱ्यांनी समजून घ्यायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

रेड क्रॉसची जन्मकथा आपण शाळेत वाचलेली असते. २४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनोला लढाई झाली, आणि आपल्या धंद्याच्या कामासाठी फ्रान्सच्या बादशहाला भेटायला निघालेला आंरी द्युनाँ हा स्विस व्यापारी तिथे जाऊन पोचला. हजारो जखमी शेजारच्या कास्तिल्योने गावात आणून टाकलेले होते. द्युनाँने त्यांची सेवा केली, पुढे पुस्तक लिहिले, आणि त्यातून रेड क्रॉस निघाली. इथवर आपल्याला पाठ असते. शाळेत एक गोष्ट सांगायची राहून जाते. सेवा एकट्या द्युनाँने केली नाही. त्या गावच्या बायकांनी केली. चर्चमध्ये पाण्याच्या बादल्या वाहून नेणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या, मित्र कोण नि शत्रू कोण हे न विचारणाऱ्या त्या बायका म्हणजे, आजच्या भाषेत, पहिली स्थानिक शाखा. पण त्यांच्यापैकी कुणालाच जखम कशी बांधायची हे शिकवलेले नव्हते. पुरेशा पट्ट्या नव्हत्या, कामाची वाटणी नव्हती. माया होती आणि तयारी नव्हती. १८६२ साली आलेल्या पुस्तकात द्युनाँने विचारलेला प्रश्न याच दुखण्यावर बोट ठेवणारा आहे: शांततेच्या काळातच प्रत्येक देशात स्वयंसेवक शिकवून तयार ठेवता येणार नाहीत का? पुढच्या वर्षी जिनिव्हात पाच जणांची समिती झाली, १८६४ मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. बाकी इतिहास मोठा आहे, तो इथे नको.

आज या चळवळीची तीन अंगे आहेत. युद्धात काम करणारी जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय समिती, १९१९ साली निघालेला राष्ट्रीय संस्थांचा महासंघ, आणि प्रत्येक देशाची आपापली संस्था. अशा १९१ राष्ट्रीय संस्था आहेत. मुस्लिम देशांत बहुतेक ठिकाणी क्रॉसऐवजी चंद्रकोर असते. आपण राहतो त्या देशाची कतार रेड क्रेसेंट १९७८ साली स्थापन झाली आणि १९८१ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतीय रेड क्रॉसचे वय तिच्यापेक्षा बरेच जास्त. १९२० च्या कायद्याने ती जन्माला आली. राष्ट्रपती तिचे अध्यक्ष असतात, राज्य शाखेचे राज्यपाल, आणि जिल्हा शाखेची सूत्रे बहुधा जिल्हाधिकाऱ्यांकडे. देशभर तिच्या अकराशेच्या वर शाखा आहेत.

जिल्हाधिकारी प्रमुख असण्याचा फायदा उघड आहे. संकटात गाडी, गोदाम, पोलीस एका फोनवर मिळतात. तोटा तितकाच उघड आहे. दोन-तीन वर्षांत साहेबांची बदली होते. आलेल्या साहेबांना रस असला तर शाखा जिवंत होते, रक्तपेढी निघते, शाळेत ज्युनिअर रेड क्रॉसचे वर्ग होतात. रस नसला तर पाटी राहते.

अशी एक पाटी मी पाहिली आहे. संस्थेचे आणि तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. एका सुट्टीत मी गावाकडे गेलो असताना आजीव सभासद व्हायचे म्हणून एका मोठ्या सेवाभावी संस्थेच्या तालुका शाखेत गेलो. पाटी उत्तम, रंग ताजा. दाराला कुलूप. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितले, किल्ली सेक्रेटरींकडे आहे आणि सेक्रेटरी मुलाकडे पुण्याला गेलेत. तिसऱ्या फेरीला दार उघडले. आत दोन स्ट्रेचर होती, त्यांवर जुन्या वह्यांचे गठ्ठे ठेवलेले. प्रथमोपचाराच्या पेटीतल्या औषधांची मुदत केव्हाच उलटून गेलेली. सभासदांच्या यादीत पहिली तीन नावे कैलासवासी. सेक्रेटरी मात्र सज्जन गृहस्थ. पेन्शनीतून विजेचे बिल भरत होते. मला म्हणाले, "साहेब, पूर आला की मुंबईहून ट्रक येतो. ट्रकबरोबर बॅनर येतो. बॅनरबरोबर फोटोवाला येतो. विजेचं बिल कुणी पाठवत नाही."

महासंघाने या दुखण्यावर एक पद्धत काढली आहे, आणि तिचे नाव ऐकून मराठी माणसाला हसू आल्याशिवाय राहणार नाही. ब्रँच ऑर्गनायझेशनल कपॅसिटी असेसमेंट या नावाची आद्याक्षरे एकत्र वाचली की होते 'बोका'. जगभरच्या शाखांमध्ये हा बोका फिरतो. पद्धत मोठी साधी आहे. वरून कुणी तपासनीस येऊन शेरे मारत नाही. शाखेचीच माणसे, म्हणजे पदाधिकारी, पगारी नोकर असलाच तर तो, स्वयंसेवक, एकत्र बसतात आणि एकेका मुद्द्यावर आपणच आपल्याला जोखतात. मदतीला बाहेरचा एक शिकलेला माणूस असतो, पण तो फक्त प्रश्न विचारतो. शेवटी सगळी भोके बुजवायची प्रतिज्ञा करायची नसते. आपल्या आवाक्यातली थोडी कामे निवडायची आणि ती कोण, कधी करणार ते लिहून ठेवायचे.

प्रश्न कसले असतात, हे माझ्या शब्दांत सांगतो. गावात पुढचे संकट कोणते येणार हे तुम्ही कधी बसून ठरवले आहे का? स्वयंसेवकांची यादी आहे का, आणि त्यातल्या दहा जणांना आत्ता फोन केला तर किती उचलतील? पैसा कुठून येतो, आणि वरून आला नाही तर सहा महिने दार उघडे राहील का? हिशेब एकट्याने बघितलेला आहे की दोघांनी? स्वयंसेवकाला इजा झाली तर त्याचे कोण बघणार? बायका, दलित वस्तीतले लोक, परप्रांतीय मजूर हे शाखेच्या कामात आहेत, की फक्त मदत घेणाऱ्यांच्या रांगेत? सेक्रेटरी उद्या आजारी पडले तर किल्ली कुणाकडे?

हा शेवटचा प्रश्न माझा.

आता मूळ कारण सांगतो, ज्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता वाचनाचा राहिला नाही. मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि गणपतीसाठी घरी आलो होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा निजलेले. आमच्याकडची घरे दगडाची, भिंती हात-हात जाड, सांधायला माती, आणि वर माळवदाचा कित्येक टनांचा बोजा. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरे तेवढ्या हादऱ्यात माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात.

आमचे गाव कडेला होते, तिथे पडझड थोडी झाली. उजाडायच्या आत वडील, चुलते आणि आम्ही पोरे आत्याच्या गावी पोचलो. लष्कर आले, डॉक्टर आले, साऱ्या महाराष्ट्रातून ट्रक आले, पण ते नंतर. त्या सकाळी पहार, टिकाव आणि हात एवढेच होते. नऊच्या सुमाराला आतेबहीण सापडली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. ती शुद्धीवर होती, पाणी मागत होती. छातीवरची तुळई काढली. मग चुलते ओरडले, "धरा रे, उचला!" दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय. उजवा पाय माझ्या हातात होता. ती किंचाळली तेव्हा आम्हाला वाटले, सुटली एकदाची. जीपच्या मागच्या बाकावर घालून तिला सोलापूरला नेले.

आक्का वाचली. कमरेखाली मात्र पुन्हा चालली नाही. कणा तुळईने मोडला की आमच्या उचलण्याने, हे कुणी सांगू शकत नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनाही सांगता आले नाही. पुढे दोह्यात नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला प्रथमोपचाराच्या वर्गाला बसवले. मान धरणारा एक, बाकीचे अंग एका रेषेत, मोजून एकदम वळवायचे, खाली फळी सरकवायची. शिकायला अर्धा तास पुरला. फळी म्हणून घराचे दारही चालते, असे तो शिक्षक सांगत होता. आत्याच्या घराचे दार त्या सकाळी ढिगाऱ्यावर अखंड पडलेले होते, ते मला आजही दिसते.

नंतर आलेल्या मदतीबद्दल मी कृतघ्न नाही. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेचे कर्ज मिळाले, घरे झाली. पण उमरग्याच्या रस्त्याकडेला पावसात भिजून कुजत पडलेले जुन्या कपड्यांचे ढीगही मी पाहिले आहेत. शहरातल्या लोकांनी मायेने दिलेले ते कपडे. त्यात कोट होते, टाय होते. पाठवणाऱ्याला काय हवे ते सांगणारे गावात कुणी नव्हते, आणि आलेल्याची वर्गवारी करायला कुणी शिकलेले नव्हते.

त्याच पुनर्वसनात एक गोष्ट मात्र निराळी घडली. जी गावे हलवायची नव्हती, घरे दुरुस्त आणि मजबूत करायची होती, अशी हजाराहून अधिक गावे होती. सरकारचा माणूस प्रत्येक घरी जाणे शक्य नव्हते. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने तिथे गावातल्याच बायकांना पुढे केले. 'संवाद सहायक' असे त्यांचे नाव. अनुदान किती, हप्ता कधी, भिंतीला आडवी पट्टी कुठे हवी, हे त्या घरोघर सांगत. सुरुवातीला गवंडी हसले, नवरे चिडले. पण २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच भागातल्या बायका तिकडच्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या. आठ वर्षांपूर्वी ज्यांना कपडे वाटले गेले त्या आता शिकवायला निघाल्या होत्या. क्षमता म्हणतात ती अशी दिसते. मोजायला अवघड असते खरी.

मोजता येईल असे उदाहरण हवे असेल तर शेजारच्या बांगलादेशाचे घ्या. मला ते कळले आमच्या साइटवरच्या एका फोरमनकडून. वादळी वारा सुटला की क्रेन थांबवायच्या आधीच हा माणूस सुटे पत्रे बांधायला लागे. मी विचारले तेव्हा कळले, तो भोल्याचा, आणि त्याचे वडील वादळ स्वयंसेवक होते. १९७० च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांच्या वर माणसे गेली. त्यानंतर तिथल्या रेड क्रेसेंटने सरकारच्या जोडीने किनाऱ्यावर गावोगाव स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या केल्या. सामान काय, तर एक ट्रान्झिस्टर, एक कर्णा, एक हाताने फिरवायचा भोंगा, आणि धोका वाढेल तसे एक, दोन, तीन असे चढवायचे झेंडे. १९९१ च्या वादळातही सुमारे एक लाख अडतीस हजार लोक दगावले, त्यात बायका फार. परक्या पुरुषाच्या सांगण्यावरून घर सोडायला त्या तयार नव्हत्या, निवारे दूर होते, सोबत मुले होती. चूक ओळखून बायकांना स्वयंसेवक म्हणून घेऊ लागले. आता तिथे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका. २००७ च्या 'सिद्र' वादळात साडेतीन हजारांच्या आत माणसे गेली. तीही थोडी नव्हेत. पण आधीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. याचे सगळे श्रेय झेंड्यांना देणे बरोबर नाही, निवारे वाढले, हवामानाचा अंदाज सुधारला. तरी अंदाज रेडिओपर्यंत येतो, आणि रेडिओपासून झोपडीपर्यंत तो कुणीतरी पायी न्यावा लागतो.

आता आपल्या कतारकडे येऊ. इथे आपण सात लाखांहून अधिक भारतीय आहोत, आणि त्यातले बहुसंख्य या लेखाचे वाचक नाहीत. ते उन्हात काम करतात. कतार रेड क्रेसेंट इथे त्यांच्यासाठी आरोग्य मंत्रालयाच्या वतीने कामगार आरोग्य केंद्रे चालवत आली आहे. मसैमीर, झिक्रीत, हेमैला, फरीज अब्दुल अझीझ ही नावे आपल्या ड्रायव्हरला विचारा, त्याला पत्ता ठाऊक असेल. १७ मार्च २०२० पासून इंडस्ट्रियल एरियाच्या १ ते ३२ क्रमांकांच्या रस्त्यांवर ये-जा बंद झाली, तेव्हा पुस्तकातली एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. बाहेरचा माणूस आत जाऊ शकत नव्हता. आतल्या ज्या कॅम्पमध्ये आधीपासून कुणी एक शिकलेला, चार भाषा बोलणारा, यादी ठेवणारा माणूस होता, तिथे धान्य, औषध, निरोप सगळे सुरळीत पोचत होते. जिथे तो नव्हता तिथे अफवा पोचत होत्या.

आपल्या समाजाची व्यवस्थाही आहे. दूतावासाच्या छत्राखाली १९८४ पासून इंडियन कम्युनिटी बेनेव्होलंट फोरम काम करतो. अडकलेल्यांची तिकिटे, तुरुंगातल्यांच्या भेटी, वैद्यकीय शिबिरे, आणि निधन झालेल्यांचे देह मायदेशी पाठवणे. राज्याराज्यांची मंडळे त्याला हात लावतात. आमच्यासारख्या एखाद्या मंडळाच्या मदत समितीला 'शाखा' म्हणणे नियमांच्या भाषेत बरोबर नाही, पण दुखणे तेच आहे, आणि आखातात ते जास्तच आहे. बदली फक्त जिल्हाधिकाऱ्यांची होते असे नाही. इथे प्रत्येकाच्या पासपोर्टवर मुदत लिहिलेली असते.

काही वर्षांपूर्वी रात्री अकराला मला फोन आला. बुलढाण्याकडचा एक तरुण सुतार कॅम्पमध्ये झोपेत गेला होता. आमच्यापैकी अशा वेळचे सगळे ज्यांना ठाऊक होते ते गृहस्थ दोन महिन्यांपूर्वीच नोकरी संपवून नाशिकला परतले होते. मृत्यूचा दाखला, पोलिसांची ना-हरकत, दूतावासातली नोंद, पासपोर्ट रद्द करणे, शवलेपन, विमानाचे कार्गो बुकिंग, आणि गावच्या जवळच्या विमानतळावर रुग्णवाहिका, हा क्रम त्यांच्या डोक्यात होता आणि माणसांचे नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये. आम्ही चौघे सुशिक्षित, दोन इंजिनिअर, एक अकाउंटंट, एक बँकवाले, दीड दिवस चुकीच्या खिडक्यांवर उभे राहिलो. शेवटी नाशिकला फोन लावला. त्यांनी मध्यरात्री उठून सगळे सांगितले, आणि अकाउंटंट वहिनींनी ते एका दोनशेपानी वहीत लिहून घेतले. तो तरुण त्याच्या गावी दोन दिवस उशिरा पोचला. त्याच्या आईला त्या दोन दिवसांचे कारण आम्ही काय सांगणार होतो?

ती वही आता आमच्या समितीची सगळ्यांत मोलाची वस्तू आहे. दर सहा महिन्यांनी एक जण तिच्यातला प्रत्येक नंबर फिरवून पाहतो. परत जाणाऱ्याने निरोपसमारंभाच्या आधी आपले काम दुसऱ्याबरोबर तीनदा करून दाखवायचे, मगच श्रीफळ. यावरून एकदा रुसवेफुगवे झाले, ते असो.

राहता राहिला पैसा. तिथे आपल्या मंडळींचे अज्ञान मोठे आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. कतारमध्ये परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणे गुन्हा आहे. २०१४ च्या कायद्याने धर्मादाय कामांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र प्राधिकरण नेमले आहे, आणि हेतू कितीही चांगला असला तरी व्हॉट्सअ‍ॅपवर 'प्रत्येकी दोनशे रियाल अमुककडे द्या' असे आवाहन करणे अंगाशी येऊ शकते. म्हणूनच २०१९ च्या त्या शुक्रवारी आम्ही टोपी फिरवली नाही. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत द्यावे, किंवा ज्याने त्याने आपल्या खात्यातून थेट.

थेट देताना भारतातला परदेशी देणगीचा कायदा आडवा येतो अशी समजूत आहे. ज्याचा पासपोर्ट भारतीय आहे त्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी त्या कायद्याने परदेशी मानली जात नाही. आपल्यापैकी ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्ड काढले आहे त्यांची मानली जाते, आणि इथल्या मंडळाच्या नावाने दिलेलीही. २०२० साली या कायद्यात बदल झाले. परदेशी पैसा घेतलेल्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, आणि कार्यालयीन खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. गैरवापर थांबावा हा हेतू सांगितला गेला, आणि गैरवापर होत नव्हता असे मी म्हणणार नाही. पण परिणाम पाहा. मोठी संस्था आता तालुक्यातल्या छोट्या संस्थेला तो पैसा पुढे देऊ शकत नाही, आणि छोट्या संस्थेचे विजेचे बिल, हिशेबनीस, प्रवासखर्च हे सगळे 'कार्यालयीन' रकान्यात पडते.

देणाऱ्यांची नजरही अशीच असते. २०१६ साली इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदार देशांनी आणि संस्थांनी ठरवले होते की २०२० पर्यंत मदतीच्या पैशातला चौथा हिस्सा शक्य तितका थेट स्थानिकांच्या हाती द्यायचा. मुदत आली आणि गेली, थेट पोचणारा हिस्सा त्याच्या जवळपासही आला नाही. आपण त्यांना नावे ठेवतो, पण आपल्यापैकी किती जणांनी कधी एखाद्या शाखेला "तुमचे वर्षाचे विजेचे बिल किती?" असे विचारून तेवढाच चेक लिहिला आहे? चादरी वाटतानाचा फोटो मागवायची आपल्याला सवय आहे. भरलेल्या बिलाचा फोटो कोण मागवील?

मी स्वतः काय केले, असे वाचक विचारतील. फार काही नाही. गेल्या दोन सुट्ट्यांत औसा तालुक्यातल्या एका शाळेत प्रथमोपचाराचे वर्ग घेतले. पहिल्या वर्षी मुले आली आणि मास्तर आले. दुसऱ्या वर्षी जीपवाले, दोन आशा कार्यकर्त्या आणि जेसीबीचा एक चालक आला. चालकाला बोलावण्याची कल्पना आक्काची. आता ती पासष्टीला आली आहे, चाकाच्या खुर्चीतून वर्गाला आली होती. मुले फळीवर एका पोराला घेत होती, तीन वेळा चुकली. चौथ्या वेळी आक्का मागून म्हणाली, "डोकं कुणी धरायचं ते आधी ठरवा, मग हात लावा."

दोन स्ट्रेचर, एक पेटी आणि दोरखंड शाळेला घेऊन दिले. मुख्याध्यापक म्हणाले, कपाटात कुलूप लावून ठेवतो. मी नको म्हटले. बरीच चर्चा होऊन कपाट शाळेच्या ओसरीत ठेवायचे ठरले आणि किल्ली चौकातल्या किराणा दुकानात, खिळ्याला. दुकान पहाटे सहाला उघडते, आणि मालक वरच निजतो. आक्काचे घर समोरच आहे. किल्ली खिळ्यावर आहे की नाही, हे तिला ओट्यावरून दिसते. नसली तर ती मला दोह्याला फोन करते.